तोंडावाटे हवा सुटते म्हणून लगेच फुल फेस मास्क घेऊ नका

पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. वडील ६३ वर्षांचे, जळगाव जिल्ह्यात गावी राहतात. स्लीप स्टडीत एएचआय ४१ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ४१ वेळा श्वास थांबत होता किंवा अडखळत होता. ३०च्या वर गेला की तो तीव्र स्लीप ॲप्निया धरतात. तीन महिन्यांपूर्वी ऑटो सीपॅप मशीन घेतलं (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं, दाब आपोआप कमी-जास्त करणारं), हवेचा दाब म्हणजे प्रेशर ४ ते २०, मास्क फक्त नाकावरचा. झोप लागते. पण रात्री दोनच्या सुमारास तोंडाला कोरड पडून जाग येते, जीभ टाळूला चिकटलेली असते, आणि मग ते मास्क काढून ठेवतात तो सकाळपर्यंत तसाच. सकाळी मशीनच्या पडद्यावर मास्क सीलपुढे लाल चेहऱ्याची खूण, म्हणजे हवा सुटतेय, आणि एएचआय ९. डीलर म्हणतो फुल फेस मास्क, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा, घ्या. मेव्हण्यांनी व्हिडिओ पाहिलाय, ते म्हणतात तोंडाला पट्टी लावून झोपवा. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मास्क बसवणं, रात्रीचे आलेख वाचणं, घरी मशीन नीट चालत नसेल तर कुठे बिनसलंय ते शोधणं हे माझं रोजचं काम. प्रेशर ठरवणं आणि औषध देणं डॉक्टरांचं काम आहे. तो विषय जिथे येईल तिथे मी तसं सांगेन. माझ्या मते आत्ता दोन्हींपैकी काहीच करू नका. तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलेल्या तीन गोष्टी मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या. नळीत पाणी साचून नाकाशी थेंब यायचे म्हणून ह्युमिडिफायर (मशीनची हवा दमट करणारी पाण्याची टाकी) बंद केला. नाक चोंदतं म्हणून काका, म्हणजे तुमचे वडील, बरेच महिने रोज झोपताना नाकात थेंब घालतात. आणि रात्री ते कवळी काढून ठेवतात. झोपेत तोंड उघडतं त्याला बहुतेक वेळा काहीतरी कारण असतं. ते सापडेपर्यंत तोंड झाकून किंवा चिकटवून हाती फारसं काही लागत नाही.

सीपॅप शक्यतो नाकातून का देतात ते आधी सांगतो. १९८१ साली सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत मांडली तीही नाकावाटेच. नाकातून दाबाने गेलेली हवा पडजिभेच्या मागून घशात उतरते, मऊ टाळू आणि जिभेचं मूळ पुढे सरकतं, श्वासाची वाट उघडी राहते. तोंड उघडलं की त्याच हवेला बाहेर पडायला सोपी वाट मिळते. घशातला दाब उतरतो आणि जीभ पुन्हा मागे पडू लागते.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. खरी गोम पुढे आहे. एरवी आपण नाकाने श्वास सोडतो तेव्हा बाहेर जाणारी ऊबदार, ओलसर हवा नाकाच्या अस्तराला थोडा ओलावा परत देऊन जाते. तोंडाने लीक, म्हणजे हवेची गळती, सुरू झाला की हवा नाकातून आत आणि तोंडातून बाहेर अशी एकाच दिशेने वाहत राहते. नाक ओलावा देतच राहतं, त्याला परत काही मिळत नाही. अस्तर कोरडं आणि गार पडतं, मग तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. चोंदलेल्या नाकाने हवा पुरेना झाली की माणूस झोपेतच तोंड आणखी उघडतो, आणि लीक आणखी वाढतो. तिकडे ऑटो मशीनला घशात अडथळा जाणवतो म्हणून ते दाब वाढवत नेतं, त्या वाढलेल्या दाबाने ओठ आणखी सुटतात. काकांचे पहिले काही तास बरे जातात आणि मध्यरात्रीनंतर बिघडतं, ते याच क्रमाने बिघडत असावं असा माझा अंदाज आहे. ह्युमिडिफायर बंद असल्यावर तर हे फार लवकर होतं.

म्हणून सुरुवात नाकापासून करा. दिवसा काकांना शांत बसवून तोंड मिटून पाच मिनिटं फक्त नाकाने श्वास घ्यायला सांगा. मग उताणं झोपवून पुन्हा तेच. आडवं झाल्यावर नाक जास्त चोंदतं, त्यामुळे दुसरी तपासणी जास्त खरी. आडवं होऊन त्यांना नाकाने पाच मिनिटं काढता येत नसतील, तर नाकावरचा मास्क लावून रात्रभर तोंड मिटलेलं राहील ही अपेक्षाच चुकीची आहे.

आता ते थेंब. बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलंय का बघा. नाक लगेच मोकळं करणाऱ्या थेंबांत बहुतेक हेच असतं. सर्दीत चार-पाच दिवस वापरायला ते ठीक आहेत. महिनोन्‌महिने रोज घातले की उलटं होतं: औषधाचा असर ओसरला की नाक आधीपेक्षा जास्त सुजतं, पुन्हा थेंब लागतात, आणि माणसाला वाटतं आपली सर्दी जुनाट आहे. घरोघरी उशीशी ही बाटली असते आणि ती औषधात मोजली जात नाही. डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत’ असं विचारलं तर लोक बीपीची गोळी सांगतात, नाकातले थेंब सांगत नाहीत. काकांना बीपी आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि या थेंबांनी बीपी वाढू शकतं. त्यामुळे हे कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवून सोडवायला हवं. थेंब बंद केले की पहिले काही दिवस नाक फारच चोंदतं. हा काळ निभावायला आणि मूळ ॲलर्जीसाठी डॉक्टर सहसा स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे देतात, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा. त्याचा गुण यायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. लोक दोन दिवस मारतात, फरक नाही म्हणून सोडून देतात. मारण्याची पद्धतही नीट लागते: उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो. मधल्या पडद्यावरच मारत राहिलं की तिथे जळजळ होते, कधी रक्तही येतं.

डॉक्टर नाकात बघतील तेव्हा नाकाचं हाड वाकडं आहे का, आत मांस वाढलंय का, पॉलिप आहे का हेही कळेल. हाड थोडंफार वाकडं पुष्कळांचं असतं आणि प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. पण एक बाजू पूर्ण बंद असेल तर ते आधी कळलेलं बरं, नाहीतर मास्कवर मास्क घेत बसाल.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं काकांच्या वयाच्या लोकांना नवीन नसतं, जलनेती पुष्कळांनी कधीतरी केलेली असते. झोपायच्या तासभर आधी करा, म्हणजे राहिलेलं पाणी निथळून जाईल. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं किंवा बोअरचं तसंच घेऊ नका. मेडिकलमध्ये तयार पुड्या मिळतात, त्यात मिठाचं प्रमाण बरोबर असतं आणि नाक चुरचुरत नाही.

नाकाच्या उपचाराबरोबरच ह्युमिडिफायर पुन्हा सुरू करायचा. तुमची तक्रार खरी होती, उपाय तेवढा चुकला. मशीनमधून निघालेली ऊबदार दमट हवा गार नळीतून जाते तेव्हा नळीच्या आतल्या बाजूला पाणी धरतं. साचलं की गुडगुड आवाज येतो आणि कूस बदलताना नाकाशी थेंब येतो. खानदेशात उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट खाटेवर असतो आणि थंडीत पहाटे खोली गारठते. दोन्ही वेळा नळी गार पडते. तर कूलरचं तोंड खाटेवरून बाजूला वळवा. मशीन खाटेपेक्षा खालच्या स्टुलावर ठेवा, म्हणजे पाणी धरलंच तरी उताराने मशीनकडे परत जाईल, नाकाकडे येणार नाही. नळीला जाड सुती कापडाची लांब खोळ शिवून घाला. गावातला कुठलाही शिंपी दहा मिनिटांत शिवून देतो. नळीचा बराचसा भाग पांघरुणाखालून न्या. एवढ्याने भागलं नाही तर गरम होणारी नळी मिळते, पण ती काकांच्या मॉडेलला लागते का ते विचारूनच घ्या. ह्युमिडिफायरची सुरुवात मधल्या पातळीपासून करा. तोंड-नाक कोरडं वाटलं तर दर दोन रात्रींनी एक पायरी वर, पाणी धरलं तर एक पायरी खाली.

टाकीत मेडिकलमधलं डिस्टिल्ड पाणी घाला. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी घालू नका, ते श्वासात घ्यायला म्हणून केलेलं नसतं. डिस्टिल्ड संपलं असेल तर एखाद-दोन रात्री उकळून गार केलेलं पाणी चालेल. तिकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, टाकीच्या तळाला पांढरा थर धरतो. सकाळी उरलेलं पाणी रोज फेकायचं, टाकी धुऊन उघडी वाळवायची. कालच्याच पाण्यात नवीन ओतायचं नाही.

आता हा लीक खरंच तोंडातूनच होतोय का? पडद्यावरचा लाल चेहरा एवढंच सांगतो की हवा नको तिथून जातेय. कुठून जातेय ते त्याला कळत नाही. रेसमेड कंपनीच्या मशीनमध्ये नको असलेला लीक मिनिटाला २४ लिटरच्या आत असला तर चालतो, त्यावर गेला की चेहरा लाल होतो. मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून जी हवा सतत बाहेर जाते ती यात धरलेली नसते. ती भोकं सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जावा म्हणून मुद्दाम ठेवलेली असतात. काही घरी मी त्यांवर चिकटपट्टी लावलेली पाहिली आहे, ‘इथून हवा येते’ म्हणून. तसं कधीही करू नका.

शोधायची सोपी रीत अशी. दिवसा काकांना त्यांच्या नेहमीच्या उशीवर उताणं झोपवा, मास्क लावा, मशीन सुरू करा. रॅम्प (दाब हळूहळू चढवणारी सोय) बंद ठेवा म्हणजे दाब सुरुवातीलाच फार हळू चढणार नाही. तोंड मिटलेलं असताना मास्कच्या कडेने ओला हात फिरवा. नाकाच्या मुळाशी, गालांवर आणि वरच्या ओठाशी कुठे गार झुळूक लागते का ते बघा. वरच्या ओठाशी लागली तर मिशी किंवा कवळी यांचा विचार करा, त्यावर पुढे लिहितोय. मग त्यांना तोंड थोडं उघडायला सांगा. हवा भसकन बाहेर येईल, घाबरायचं कारण नाही. आता जीभ वर लावायला सांगा, ‘न’ म्हणताना टेकते तिथे, आणि तसंच धरून ठेवायला सांगा. ओठ उघडे असले तरी हवा थांबेल. काकांना ही जागा एकदा कळली की झोपताना ते जीभ तिथे लावून पडू शकतात. झोपेत ती रात्रभर तिथे राहील असं मी म्हणत नाही. पण जीभ टाळूला हलकी चिकटून राहायची सवय लागली की बऱ्याच जणांचा लीक कमी झालेला मी पाहिलाय, आणि यात खर्च काही नाही.

रात्रीचं कळायला काकूंची मदत घ्या. दोनच्या आसपास त्यांना जाग असेल तेव्हा काकांच्या ओठांसमोर हात धरून बघायला सांगा, किंवा मोबाइलवर अर्धा तास आवाजासकट रेकॉर्डिंग करा. तोंडातला लीक दोन प्रकारचा असतो. एकात जबडा खाली पडतो आणि सतत ‘हाऽऽ’ असा वारा सुटलेला ऐकू येतो. दुसऱ्यात तोंड मिटलेलं असतं, पण श्वास सोडताना गाल फुगतात आणि ओठांतून ‘फुर्र’ करून हवा सुटते. दुसऱ्या प्रकारात हनुवटीचा पट्टा बांधून काहीच होत नाही, कारण जबडा जागेवरच असतो.

शेवटचा पुरावा मशीनमधला रेकॉर्ड. मशीन पुरवणाऱ्याकडून किंवा तुमच्या स्लीप लॅबमधून दोन आठवड्यांचा सविस्तर रिपोर्ट मागा. नुसत्या रात्रीच्या सरासरीवर जाऊ नका, तासातासाचा आलेख मागा. कॉम्प्युटरची सवय असेल तर मशीनमधलं कार्ड काढून ऑस्कर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्वतःही बघू शकता. मी बघताना लीकची रेघ आणि प्रेशरची रेघ एकाखाली एक लावतो. कडेचा लीक असेल तर रेघेला टोकं-टोकं दिसतात, कूस बदलली की एक उसळी आणि पुन्हा खाली. तोंड उघडलं असेल तर रेघ एकदम पायरी चढल्यासारखी ४०च्या आसपास जाते आणि तिथेच सपाट चालत राहते, वीस मिनिटं, तासभर, जाग येईपर्यंत. मग मी दुसरी गोष्ट बघतो: आधी काय चढलं, प्रेशर की लीक? प्रेशर १४-१५वर गेल्यावर ओठ सुटले असतील तर दोष दाबाकडे. प्रेशर ९वर शांत असताना तोंड उघडलं असेल तर नाकाकडे. उपचाराची दिशा या एका गोष्टीवर बदलते. डीलरने हे बघितलं होतं का, ते त्याला जरूर विचारा.

एएचआय ९ या आकड्यावरही आत्ता फार विसंबू नका. एवढा लीक असताना मशीनला श्वास नीट मोजता येत नाही. खरा आकडा कमीही असेल, जास्तही असेल. लीक आटोक्यात आला की पुन्हा बघायचा. आणि काका दोन वाजता मास्क काढतात, म्हणजे उरलेली रात्र त्या आकड्यात नाहीच. पहाटेच्या झोपेत स्वप्नांचा भाग जास्त असतो, स्नायू सर्वांत सैल असतात, ॲप्निया बहुधा तेव्हाच सर्वांत वाईट असतो. म्हणून मला लाल चेहऱ्यापेक्षा ते दोननंतरचे तास जास्त काळजीचे वाटतात.

प्रेशरची रेंज ४ ते २० ही मशीन कारखान्यातून येतानाची रेंज आहे. ती तशीच राहिली असेल तर डॉक्टरांशी बोलायची ही योग्य वेळ आहे. ४वर पुष्कळ मोठ्या माणसांना हवा कमी वाटते आणि ते सुरुवातीलाच तोंडाने ओढू लागतात. वर २०पर्यंत मोकळीक असली की लीकच्या भरात मशीन उगाच वर जातं. रिपोर्टमध्ये ९५ टक्के वेळ प्रेशर किती आकड्याच्या आत राहिलं ते छापलेलं असतं. लीक नसलेल्या रात्रींचा तो आकडा घेऊन जा आणि रेंज आवळता येईल का, श्वास सोडताना दाब हलका करणारी सोय सुरू करावी का, हे विचारा. मेनूत शिरून तुम्ही स्वतः बदलू नका. काकांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार असेल तर हा बदल साधा राहत नाही, आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणारं मशीन) असणाऱ्यांनी तर यातलं काहीच आपल्या मनाने करू नये.

उताणं झोपल्यावर जबडा मागे पडतो आणि प्रेशरही जास्त लागतं, म्हणून कुशीवर झोपवून बघा. संध्याकाळी दारू किंवा झोपेची गोळी असेल तर स्नायू आणखी सैल पडतात, ते डॉक्टरांपासून लपवू नका. सर्दीच्या गोळ्यांनी आणि बीपीसाठी दिलेल्या लघवीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडं पडतं, रक्तातली साखर वाढलेली असली तरी पडतं. म्हणजे सगळ्या कोरडीचं खापर मास्कवर फोडायचं कारण नाही.

कवळीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही, आणि काकांच्या बाबतीत मला तिचा बराच संशय आहे. वरचे पुढचे दात नसले की वरच्या ओठाला आधार राहत नाही. नाकावरच्या मास्कची खालची कड नेमकी तिथेच टेकते. वरून पट्टे आवळले की ओठ आत दबतो, कड उचलली जाते आणि हवा सुटते. शिवाय दात नसताना ओठ घट्ट मिटत नाहीत, जबडाही लवकर खाली येतो. तर दिवसाची ती ओल्या हाताची तपासणी एकदा कवळी लावून करा आणि एकदा काढून. फरक दिसला तर दातांच्या डॉक्टरांना विचारा. हिरड्यांना आराम मिळावा आणि बुरशी होऊ नये म्हणून ते रात्री कवळी काढायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण काही जणांना ते रात्री स्वच्छ धुतलेली कवळी लावायची आणि दिवसा काही तास काढून ठेवायची मुभा देतात. ते डॉक्टरांनी तोंड बघून ठरवायचं.

मिशी दाट असेल तर कडेपुरती कापली तरी पुरतं, पूर्ण काढायची गरज नाही. नाहीतर नाकपुड्यांत टेकणारा पिलोजचा मास्क मिशीवाल्यांना सहसा चांगला बसतो, आणि ओठाचा आधार त्याला तितका लागत नाही. काका रात्री डोक्याला खोबरेल तेल लावत असतील तर सकाळच्या आंघोळीआधी लावायला सांगा. तेलाने पट्टे घसरतात आणि सिलिकॉनची कड लवकर बाद होते. चेहऱ्यावर क्रीम किंवा व्हॅसलीन लावूनही मास्क घालू नका. मास्कची कड रोज साध्या साबणाने धुवा. ती मऊ पडून लोंबायला लागली असेल तर आधी तेवढीच बदला, मग नवीन मास्कचा विचार.

आता डीलरच्या सल्ल्याकडे येतो. फुल फेस मास्क वाईट नाही. ज्यांचं नाक उपचार करूनही बंद राहतं, ज्यांना नाकाचं ऑपरेशन होईपर्यंत काहीतरी चालवायचंय, ज्यांना तोंडाशिवाय श्वासच पुरत नाही, त्यांना मी स्वतः तो बसवतो. पण तो लीक थांबवत नाही, तोंडातून सुटणारी हवा कोंडून धरतो. कोरड थोडी कमी होते, नाकाचं दुखणं तसंच राहतं. त्याची कड लांब, गालांवरून हनुवटीपर्यंत जाणारी, म्हणजे सुटायला जागाही जास्त. कवळी काढल्यावर आत गेलेल्या गालांवर तो बसवणं फार कठीण असतं. पट्टे आवळले की तो हनुवटी मागे ढकलतो, त्यामुळे अनेकांना आधीपेक्षा जास्त प्रेशर लागतं. आणि सरासरीने बघितलं तर लोक तो नाकावरच्या मास्कपेक्षा कमी तास वापरतात. काका आत्ताच दोन वाजता मास्क काढतायत. तरीही घ्यायची वेळ आली तर पेट्यांतून निवडून आणू नका. काकांना घेऊन जा, आडवं झोपवून, रात्रीच्या प्रेशरवर, कवळी रात्री जशी असते तशी ठेवून बसवून बघा. कमी मापाचा आवळण्यापेक्षा बरोबर मापाचा सैल लावलेला केव्हाही चांगला बसतो.

पट्टीबद्दल माझं उत्तर साफ नाही असं आहे, निदान काकांसाठी. त्यांचं नाक भरवशाचं नाही. आणि गावी रात्री लाइट जाते. लाइट गेली की मशीन थांबतं. नाकावरच्या मास्कमध्ये मग ताजी हवा फार कमी येते आणि सोडलेलाच श्वास बराचसा परत आत घेतला जातो. अशा वेळी तोंड उघडून श्वास घेणं हीच त्यांची सुटका आहे, तीच पट्टीने बंद करायची? फुल फेस मास्कला यासाठी आपोआप उघडणारी झडप असते, नाकावरच्या मास्कला सहसा नसते. उलटी झाली, ॲसिडिटीने घशाशी आलं, तरी तोंड मोकळं असायला हवं. नाक पूर्ण मोकळं असणाऱ्या, स्वतःच्या हाताने क्षणात पट्टी काढू शकणाऱ्या काही जणांना डॉक्टर सांभाळून परवानगी देतात, तो भाग वेगळा. लाइटचा विषय निघालाच आहे तर मशीन इन्व्हर्टरवर जोडून घ्या. ह्युमिडिफायरचा हीटर बॅटरी पटकन खातो, म्हणून लाइट गेली की तो तेवढा बंद करायला काकूंना शिकवून ठेवा.

हनुवटीचा पट्टा हा मधला उपाय. नाक मोकळं झाल्यावर आणि जबडा खरंच खाली पडतोय हे रेकॉर्डिंगमध्ये दिसल्यावर तो लावून बघायला हरकत नाही. ओढ वरच्या दिशेने हवी, मागे नको. मागे ओढला तर जीभही मागे जाते. दात नसताना ही भीती जास्त. काहींना त्याऐवजी मानेला मऊ फोमची कॉलर सोयीची वाटते, दोन बोटं आत जातील इतकी सैल. कशाचाही भरवसा देत नाही. एक आठवडा लावा, लीकची रेघ बघा, फरक नसेल तर काढून टाका.

तर क्रम असा धरा. या आठवड्यात कान-नाक-घसा डॉक्टर, आणि थेंबांची बाटली त्यांना दाखवायला सोबत घ्या. त्याच रात्रीपासून ह्युमिडिफायर खोळ घातलेल्या नळीसकट सुरू. दिवसाची तपासणी कवळीसह आणि कवळीविना. काकूंकडून एक-दोन रात्रींचं रेकॉर्डिंग. दोन-तीन आठवड्यांनी, नाक जरा मोकळं झाल्यावर, सविस्तर रिपोर्ट घेऊन झोपेच्या डॉक्टरांकडे प्रेशरबद्दल बोलायला. त्यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. यानंतरही रेघ ४०वर सपाट राहिली तर फुल फेस मास्कचा विषय काढू, आणि तेव्हा तो योग्यच असेल.

तोवर दोन वाजता जाग आली की मास्क काढून ठेवण्याऐवजी काकांनी दोन घोट पाणी प्यावं, मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं म्हणजे प्रेशर खालून सुरू होईल, आणि कुशीवर वळून पुन्हा लावावा. तासभर जरी जास्त टिकला तरी तो तास कामाचा आहे. आणि दिवसा पेंग येत असेल तोवर शेतावर जाताना मोटारसायकल त्यांनी चालवू नये, मागे बसावं. रिपोर्ट आला की लीक आणि प्रेशरच्या दोन्ही रेघांचा फोटो इथे टाका, नाव-पत्ता झाकून. मी बघून सांगतो.